जिथून रस्ता गेला, तेवढंच चित्र

विल्यम वेस्टॉल हा इंग्रज चित्रकार १८०४ साली मुंबईत आला तेव्हा अवघ्या बावीस वर्षांचा होता. त्याआधी मॅथ्यू फ्लिंडर्सच्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावर निसर्गचित्रकार म्हणून तो ऑस्ट्रेलियाचा किनारा काढत हिंडला होता. परतीच्या वाटेवर, १८०३ च्या ऑगस्टमध्ये, ज्या दुसऱ्या जहाजावर तो होता ते प्रवाळाच्या खडकावर फुटलं आणि त्याची चित्रं समुद्राच्या पाण्यात भिजली. तिथून सुटून तो चीनला गेला, चीनहून हिंदुस्थानात आला. मुंबईत थोडा स्थिरावल्यावर हा पोरगेलासा माणूस कागद आणि पेन्सिली घेऊन मराठ्यांच्या डोंगरांत शिरला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा धुरळा तेव्हा पुरता खाली बसलेला नव्हता. घाट चढून तो कार्ल्याच्या लेण्यापर्यंत पोचला, घारापुरीला गेला आणि तो सगळा ऐवज घेऊन पुढच्या वर्षी इंग्लंडला परतला.

‘परक्या चित्रकारांनी पाहिलेली आपली जुनी गावं’ असा विषय संपादकांनी या अंकासाठी दिला, तेव्हा पहिलं नाव आठवलं ते वेस्टॉलचं. त्याच्यामागून हेन्री सॉल्ट, कॅप्टन ग्रिंडले, एडवर्ड लिअर अशी रांगच उभी राहिली. ही मंडळी पुण्याच्या परिसरात येऊन गेली आणि त्यांची चित्रं आज लंडन-अमेरिकेतल्या संग्रहांत जपून ठेवलेली आहेत. त्यातल्या बऱ्याच चित्रांच्या प्रती आता घरबसल्या बघता येतात. मी त्या छापून घेतल्या आणि बघायला मुळशीत गेले.

मुळशीच का, हे सांगायला हवं. खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर उभं राहून दक्षिणेकडे पाहिलं तर डोंगराच्या रांगांपलीकडे मुळशीचं खोरं आहे. तेच कडे, तोच पाऊस, तसेच किल्ले. खंडाळ्याची चित्रं जगभर गेली. मुळशीचं एकही चित्र त्या पुस्तकांत नाही. ग्रिंडलेच्या छत्तीस चित्रांत नाही, सॉल्टच्या चोवीस चित्रांत नाही. असं का झालं ते मला जागेवर जाऊन समजून घ्यायचं होतं.

बोरघाटाची वर्दळ

मुंबईहून पुण्याला निघालेला साहेब तेव्हा आधी पडावात बसायचा. खाडीतून पनवेल गाठायचं, तिथून पालखीने किंवा घोड्यावरून खोपोली. खोपोलीला नाना फडणिसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ. तिथे विसावा घ्यायचा आणि मग बोरघाटाची चढण. वर खंडाळा, पुढे उजव्या-डाव्या हाताला लोहगड, विसापूर, भाजे, कार्ले. चित्रकाराला जे जे हवं असतं ते एका मुक्कामाच्या अंतरात समोर यायचं: दरी, कडा, धबधबा, किल्ला, लेणं.

ही वाट व्यापाऱ्यांच्या पायाखालची होतीच. १८०४ च्या सुमाराला आर्थर वेलस्लीने तोफा चढवता याव्यात म्हणून ती सुधारून घेतली. म्हणजे वेस्टॉल वर चढला तो बहुधा नुकत्याच रुंद केलेल्या लष्करी वाटेने. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर व्हायकाउंट व्हॅलेन्शिया नावाचा उमराव दुसऱ्या बाजीरावाच्या भेटीला पुण्याला आला. त्याच्यासोबत सचिव आणि चित्रकार म्हणून हेन्री सॉल्ट होता. सॉल्टची मोठ्या आकाराची चोवीस दृश्यं १८०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यात पुण्याचं एक दृश्य आहे. पुढे हाच सॉल्ट इजिप्तमध्ये इंग्रजांचा वकील झाला आणि तिथल्या पुरातन वस्तू गोळा करणारा म्हणून गाजला.

रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले हा मुळात चित्रकार नव्हे, कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. सतराव्या वर्षी आला, १८२० ला निवृत्त होऊन गेला. नोकरीच्या काळात जिथे जिथे तळ पडला तिथे त्याने चित्रं काढली. पश्चिम हिंदुस्थानातली स्थळं, पेहराव आणि वास्तू यांवरचं त्याचं पुस्तक १८२६ ते १८३० या काळात भागाभागांनी निघालं. दौलताबाद, वेरूळ, घारापुरी आणि अर्थातच बोरघाट त्यात आहेत. ग्रिंडलेच्या स्वतःच्या चित्रांसोबत वेस्टॉलचा हातही त्या पुस्तकाला लागला. वीसेक वर्षांनी वेस्टॉलच्या सह्याद्रीला असं पुस्तकात स्थान मिळालं. हिंदुस्थानात येणाऱ्या-जाणाऱ्या इंग्रजांची व्यवस्था बघणारी एक पेढी ग्रिंडलेने १८२८ मध्ये लंडनमध्ये काढली होती. तीच पुढे ग्रिंडलेज बँक झाली. जुन्या मुंबईकरांना हे नाव बँकेच्या पाटीमुळे आठवेल. पुस्तकाचे गिऱ्हाईक आणि पेढीचे गिऱ्हाईक एकाच वर्गातले होते: जे इथे राहून गेले, किंवा ज्यांची मुलं इथे नोकरीला यायची होती. बोरघाट त्यांनी चढलेला असायचा. आपण चढलेला घाट घरच्या भिंतीवर लावायला माणसाला आवडतो.

१८३० मध्ये गाड्या जातील असा रस्ता झाला. त्या रस्त्यावरचा कमानींचा पूल, ज्याला पुढे आपण अमृतांजन पूल म्हणू लागलो, तो २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला. १८६३ मध्ये पंचवीस बोगदे खोदून रेल्वे घाट चढली. ही वाट इंग्रजांना दाखवली ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी लोककथा घाटात सांगतात. त्याचं देऊळ आजही रस्त्याच्या कडेला आहे आणि ट्रकवाले तिथे हात जोडून पुढे जातात. वाट ज्यांच्या पायाखालची होती त्यांची आठवण अशा एखाद्या देवळाने राखली. घाटाचं चित्र काढणाऱ्यांची नावं मात्र ग्रंथालयांच्या याद्यांत तारखेवार नोंदलेली आहेत.

आधी आडव्या रेघा

श्रावणातल्या एका उघडिपीत मुळशीच्या पाण्याकाठी पुण्यातल्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचा घोळका भेटला. मांडीवर ड्रॉइंग बोर्ड, कागदाच्या चारी कडांना चिकटपट्टी, बाजूला डब्यात पाणी. त्यांचे सर एकेकाच्या मागे उभे राहून बघत होते. एका मुलीने समोरच्या डोंगराला छान टोकदार शिखर काढलं होतं.

“हे कुठे दिसलं तुला?” सरांनी विचारलं.

“सर, डोंगर आहे ना...”

“सह्याद्री काढताना टोक शोधू नकोस. आधी आडव्या रेघा मार. वरपासून खालपर्यंत पायऱ्या दिसतायत बघ. कातळ, मग गवताचा उतार, परत कातळ.”

चित्रकलेच्या तासाला सांगितलेली ही गोष्ट भूगर्भशास्त्राचीच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून हा डोंगर झाला. कठीण थराचा उभा कडा उरतो, मऊ थर झिजून उतार होतो. म्हणून इथल्या पुष्कळ डोंगरांचे माथे सपाट आहेत. कोरीगड हे त्याचं देखणं उदाहरण. आंबवण्याच्या वाटेने वर गेलं की माथ्यावर मैदानच लागतं, त्यात तळी आणि कोराईदेवीचं देऊळ, आणि भोवती जवळजवळ अखंड तट. तैलबैलाच्या दोन उभ्या कातळभिंती तेवढ्या या नियमाला सोडून आभाळात घुसल्यासारख्या दिसतात.

सरांना मी जुन्या चित्रांच्या प्रती दाखवल्या. विद्यार्थी गोळा झाले. एकाने लगेच विचारलं, “हा रंग कसा आणलाय? धुक्यासारखा?”

तो रंग ज्या पद्धतीने येतो ती ॲक्वाटिंट. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवून ती तापवतात. कण पत्र्याला चिकटतात. मग पत्रा आम्लात बुडवतात. आम्ल कणांच्या मधल्या जागा खातं आणि पत्र्यावर अगदी बारीक रवा उठतो. हा रवा शाई धरतो आणि छापल्यावर रेघ न दिसता पातळ वॉश दिल्याचा भास होतो. जिथे उजळ आभाळ हवं तिथला भाग वार्निशाने आधीच झाकायचा, जिथे काळोखी दरी हवी तिथे आम्ल जास्त वेळ ठेवायचं. छापून झालं की एकेक प्रत हाताने रंगवायची. सह्याद्रीसारख्या थरांच्या डोंगराला, पावसाळी हवेला ही पद्धत फार शोभते.

पण पत्रा कोरणारा आणि प्रत रंगवणारा लंडनमध्ये बसलेला होता. त्याने घाट पाहिलेला नव्हता. त्याच्यासमोर घाईत केलेलं स्केच आणि चित्रकाराच्या सूचना. उरलेलं तो आपल्या सवयीने भरणार. आणि त्या काळच्या इंग्रजी निसर्गचित्राची सवय ठरलेली होती. पुढे एका कडेला गर्द झाड, त्याच्या सावलीत चार माणसं, मध्ये उजेडाचा पट्टा, मागे निळसर होत गेलेल्या रांगा. इटलीच्या टेकड्यांसाठी बसवलेला हा साचा वेल्सच्या डोंगरांना लावला गेला, तिथून हिंदुस्थानात आला. या साच्यात शिखर लागतं. सपाट माथा अडचणीचा होतो.

यात फसवणूक होती असं मला म्हणायचं नाही. वेस्टॉलने घाटमाथ्यावरची खोली ओळखली होती. खाली कोकण उलगडत जातं आणि माणूस एकदम लहान होतो, हे ज्याला जाणवलं नाही त्याला तसं चित्र काढताच येणार नाही. मला खटकतात ती झाडाखालची चार माणसं. ती तिथे फक्त डोंगर किती मोठा आहे हे कळावं म्हणून बसवलेली असतात. डोक्यावर ओझं घेऊन चढणारी बाई, बैल हाकणारा गडी, पालखीचे भोई. यांच्या गावचं नाव चित्राखाली कधी येत नाही.

पर्वतीचं चित्र काढणारा तांबट

या रांगेत एक नाव आपल्या माणसाचं आहे आणि ते वेस्टॉलच्याही आधीचं आहे. गंगाराम चिंतामण नवगिरे, म्हणजेच गंगाराम तांबट. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो १७९० च्या दशकात चित्रं काढत होता. पीटरहेडचा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स त्याच सुमाराला पुण्यात आला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं एकत्र चित्र त्याचंच. मॅलेट आणि वेल्स यांच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळाही निघाली होती. गंगाराम तिथला सगळ्यात तयार हात. मॅलेटने त्याला वेरूळला पाठवलं आणि कैलासासकट तिथल्या लेण्यांची चित्रं करून आणवली. वेल्सही नंतर वेरूळला जाऊन आला. १७९५ च्या नोव्हेंबरमध्ये ठाण्याच्या बाजूला काम करताना तापाने तो गेला. त्याची वेरूळची चित्रं थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये छापली.

गंगारामने काढलेलं पर्वतीचं चित्र आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहात आहे. टेकडी, तिच्यावरची देवळं. ज्या टेकडीवर पुण्याचे लोक रोज सकाळी व्यायामाला चढतात तिचं सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं, पुण्याच्याच माणसाने काढलेलं चित्र. वेस्टॉलचा बोरघाट आणि गंगारामची पर्वती मी शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. गंगाराम परकीय पद्धत शिकत होता आणि ती त्याच्या अंगवळणी पूर्ण पडलेली नव्हती. तरी मला त्याचं चित्र अधिक भावतं. रोजच्या ओळखीच्या जागेकडे तो बघतो आहे आणि त्याला तिथे नाट्य शोधायची गरज वाटत नाही. तांबट आळीतल्या किती घरांना हे नाव माहीत आहे? शाळेच्या पुस्तकात हे चित्र का नाही? राजा रविवर्म्याच्या जन्माआधी पन्नासेक वर्षं पुण्यात एक माणूस समोर बसून जागेचं चित्र काढत होता, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगायला हवी.

मॅलेट गेला तेव्हा चित्रंही त्याच्याबरोबर गेली. गंगाराम मुळशीकडे वळला असता का? मॅलेटला हवी होती ती लेणी आणि दरबार. चित्रकार तिथे गेला जिथे त्याला पाठवलं गेलं.

लिअरचा पावसाळा

एडवर्ड लिअर आला तो वेस्टॉलनंतर सत्तर वर्षांनी, आगगाडीच्या काळात. मुलांसाठी लिहिलेल्या निरर्थक गमतीच्या कवितांमुळे जग त्याला ओळखतं, पण त्याचं पोट चालायचं ते निसर्गचित्रांवर. इटली, अल्बेनिया, ग्रीस, इजिप्त, पॅलेस्टाइन इथली प्राचीन नगरं त्याने पालथी घातली होती आणि त्यांतल्या काही प्रवासांची पुस्तकं केली होती. राणी व्हिक्टोरियाला त्याने काही दिवस चित्रकला शिकवली होती. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक याच्या निमंत्रणावरून २२ नोव्हेंबर १८७३ रोजी तो मुंबईत उतरला, तेव्हा वय एकसष्ट. लहानपणापासून अपस्माराचा त्रास, डोळे अधू, अंग जड झालेलं. सोबत जॉर्जिओ हा त्याचा ग्रीक नोकर. काशी, कलकत्ता, दार्जिलिंग, आग्रा, दिल्ली, सिमला असं करत १८७४ च्या पावसाळ्यात तो पुण्यात मुक्कामाला आला. त्याच जुलैत त्याची हिंदुस्थानी शब्द गुंफलेली एक गमतीची कविता मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त छापून आली. पुढे दक्षिण आणि सिलोन करून १८७५ च्या सुरुवातीला तो परत गेला. पाचशेहून जास्त चित्रं आणि वह्या त्याच्या सामानात होत्या. त्यांचा मोठा भाग हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

पाण्याकाठच्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त आवडली ती लिअरची स्केचं, आणि कारण त्यांच्या कामाचं होतं. लिअर जागेवर पेन्सिलीने भराभर काढायचा. कागदाच्या कोपऱ्यात ठिकाण, तारीख, इतकंच नव्हे तर वेळ आणि अनुक्रमांक लिहायचा. चित्राच्या आतच, त्या त्या जागी, रंगाच्या टिपा: इथे करडा, इथे हिरवट, इथे धूळ. नंतर मुक्कामाला सवडीने पेन्सिलीच्या रेघेवरून शाई फिरवायची, टिपा वाचून पातळ रंग द्यायचा. ते शब्द तो पुसायचा नाही. त्यामुळे डोंगर आणि त्याच्याबद्दलचं टिपण एकाच कागदावर राहिलं.

“ही शिस्त आहे,” सर म्हणाले. “फोटो काढून घरी जाऊन रंगवायचं, हे आता सगळे करतात. पण सकाळी सात वाजता या डोंगराची सावली कुठल्या रंगाची होती ते फोटोत नीट येत नाही. लिहून ठेवावं लागतं.”

एवढ्यात पावसाची सर आली आणि सगळ्यांनी बोर्ड पोटाशी धरून टपरीचा आडोसा गाठला. पावसाळा इथे असाच असतो. पुण्यात पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस ताम्हिणीच्या अंगाला कोसळतो, समोरचा डोंगर दिवस-दिवस दिसत नाही. पुण्यातून मुळशी तशी हाकेच्या अंतरावर, पण १८७४ च्या पावसाळ्यात साठीच्या माणसाने चिखलातून, ओढे ओलांडत इकडे यावं हे शक्यच नव्हतं. रेल्वेने त्याला जिथे सोडलं तिथलं त्याने काढलं.

तिथे गाडीवाट नव्हती

पौडहून पश्चिमेला निघालं की मुळशीचं कोडं जमिनीवरच उलगडतं. खोरं वर जात जात कोकणकड्याशी संपतं. तिथून खाली उतरायला घाटवाटा होत्या आणि आहेत: ताम्हिणी, सवाष्णी, वाघजाई. मीठ-मिरची, भात, गुरं या वाटांनी चढत-उतरत. पण त्या पायवाटा. ओझं डोक्यावर किंवा बैलाच्या पाठीवर. पालखी कष्टाने जाईल, तोफ मोठ्या मुश्किलीने, चाकाची गाडी नाहीच. १८१८ च्या मार्चमध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने कोरीगड घेतला तेव्हा तोफगोळ्याने किल्ल्यातलं दारूकोठार उडालं, म्हणजे इंग्रजांच्या तोफा इथवर आल्या होत्या. लढाई संपली आणि रहदारी पुन्हा बोरघाटाने सुरू झाली. साहेबाला मुळशीतून कुठे जायचंच नव्हतं.

चित्र काढायला कुणी आलं नाही, पण मोजायला आले. पुणे जिल्ह्यात १८२० च्या दशकाअखेर प्रिंगलने जमिनीची पाहणी केली, ती फसली. मग १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून नवी पाहणी सुरू केली आणि हळूहळू ती जिल्हाभर पसरली. साखळीने जमीन मोजली, प्रत्येक शेताला नंबर पडला, गावाचा नकाशा झाला, जमिनीची प्रत ठरली. भाताचं खाचर वेगळं, डोंगरउतारावरची नाचणी-वरीची वरकस वेगळी. १८८५ मध्ये पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर तीन भागांत निघालं. त्यात डोंगर, घाट, पिकं, जाती, बाजार सगळं शब्दांत आहे. सरकारदरबारी मुळशी अशी आकड्यांत आणि रेघांत उतरली. देवळाच्या पारावर सावली कशी पडायची, घरांची तोंडं कुठल्या दिशेला होती, नदीकाठी कुठली झाडं होती, हे शेतनंबरांच्या नकाशात येत नाही.

आणि नंतर वेळच उरला नाही. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी म्हणून टाटा कंपनीने मुळेवर धरण बांधायला घेतलं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातून ‘सेनापती’ झाले. विनायकराव भुस्कुट्यांनी लढा जवळून चालवला आणि पुढे त्याची हकिकत लिहून ठेवली. प्रा. राजेंद्र व्होरांनी त्यावर संशोधनाचं पुस्तक केलं आणि जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हणून त्याची नोंद घेतली. लढा मोडला. पन्नासच्या आसपास गावांना झळ बसली, आंबेमोहराची खाचरं पाण्याखाली गेली. १९२७ पासून मुळशीचं पाणी पश्चिमेला, कड्याखालच्या भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आहे. जमिनीचा मोबदला ठरवायला मोजणीचे कागद उपयोगी पडले असतील. गाव कसं दिसायचं हे सांगायला ते पुरत नाहीत.

पाण्याच्या वरची वस्ती

वैशाखात मुळशीला गेले होते तेव्हा पाणी बरंच खाली गेलं होतं. काठाचा लाल-करडा गाळ भेगाळला होता आणि मध्ये कुठे कुठे रचलेल्या दगडांच्या ओळी उघड्या पडल्या होत्या. वरच्या वस्तीत एका घराच्या ओट्यावर ऐंशी पार केलेल्या आजी बसल्या होत्या. त्यांच्या सासूबाईंचा जन्म पाण्याखाली गेलेल्या गावातला.

मी विचारलं, “आजी, सासूबाई सांगायच्या का गावाचं काही?”

“सांगायच्या की. रोज सांगायच्या. तकडं बघून सांगायच्या.” त्यांनी पाण्याकडे हात केला. “त्या टेकाडाच्या म्होरं गाव. देऊळ अलीकडं, नदी पलीकडं. दारातनं उतरलं की खाचर. राब भाजायचा तो वरल्या अंगाला.”

“तुम्ही कधी पाहिलंत?”

“म्या कुठनं बघणार ताई? म्या लगीन हून आले तवा पाणीच व्हतं. पर मला समदं ठावं हाय. कुनाचं घर कुनाच्या शेजारी, ते बी ठावं हाय.”

आणि त्यांनी खरोखरच सांगायला सुरुवात केली. देवळापासून निघून घरामागून घर, मध्ये चिंच, मग विहीर, मग वळण. नातू उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. तो हिंजवडीला नोकरीला जातो. “हे आम्हाला कधी सांगितलं नाहीस,” तो म्हणाला. आजी म्हणाल्या, “तू इचारलंस कवा?”

मी वहीत त्या सांगतील तशी चौकटी-चौकटींची आकृती काढत गेले. मला चित्रकला येत नाही, पण दिशा आणि क्रम जमतो. आजींना ती वही दाखवल्यावर त्यांनी दोन घरांची जागा बदलून घेतली. न पाहिलेल्या गावाबद्दल त्या इतक्या ठाम होत्या.

आज मुळशीचं चित्र काढणारा प्रत्येक जण पाणी काढतो. विद्यार्थ्यांच्या कागदावर पाणी, रिसॉर्टांच्या जाहिरातीत पाणी, शनिवार-रविवारी गाडी कडेला लावून काढलेल्या फोटोंत पाणी. समोर झाड, मध्ये चकाकता पट्टा, मागे निळ्या रांगा: ग्रिंडलेच्या पुस्तकात शोभावं असं दृश्य आता इथे तयार आहे आणि रस्ताही झाला आहे. दृश्य देखणं आहे, मलाही आवडतं. पण ते शंभर वर्षांचंसुद्धा जेमतेम आहे. त्याआधीच्या मुळशीचं दृश्य आज त्या आजींसारख्या मोजक्या लोकांच्या बोलण्यात आहे, आणि तेही ऐकीव.

करता येईल असं काही

सरांशी बोलताना एक गोष्ट ठरली. पुढच्या खेपेला त्यांचे विद्यार्थी पाण्याकाठी न बसता वस्त्यांवर जाऊन बसतील. म्हातारी माणसं सांगतील तसं गाव काढतील, चूक झाली तर ती माणसं दुरुस्त करतील. लिअरसारखं कागदावरच लिहून ठेवायचं: कुणी सांगितलं, कधी सांगितलं, कुठे बसून सांगितलं. गावनकाशाची नक्कल भूमी अभिलेख कार्यालयातून अर्ज करून मिळवता येते. ती शेजारी ठेवली तर खाचर आणि घर जुळवता येईल. अशी चित्रं कलाकृती म्हणून कितपत उतरतील हा प्रश्न मला दुय्यम वाटतो.

दुसरं काम संग्रहालयांचं आणि आपल्या विद्यापीठांचं. वेस्टॉल, सॉल्ट, ग्रिंडले, लिअर आणि सगळ्यात आधी गंगाराम तांबट यांची आपल्या भागातली चित्रं एकत्र करून, मराठी टिपांसह, खोपोली-खंडाळा-पौड-पुण्यातल्या शाळांपर्यंत पोचवायला हवीत. बहुतेक संग्रहांनी चित्रं लोकांना बघायला खुली केली आहेत, त्यासाठी परदेशी जायला नको. टिपांत डोंगराचं आणि गावाचं आज चालतं ते नाव असावं. चित्रातली जागा ओळखायला घाटात हिंडणारे गुराखी आणि वाटाडे लागतील, त्यांना मानधन देऊन बोलवावं.

आणि एक विनंती वाचकांना. मुळशी पेट्यातली पुष्कळ कुटुंबं धरणानंतर पुण्यात, मुंबईत, खाली कोकणात पांगली. कुणाच्या घरी धरणाआधीच्या गावाचा फोटो, नकाशा, घराचा आराखडा, पत्रातलं वर्णन, अगदी वहीच्या पानावर काढलेलं देवळाचं चित्र असेल, तर ते जुन्या कागदांत टाकून देऊ नका. मोबाइलवर त्याची स्वच्छ प्रत काढा, सोबत गावाचं आणि सांगणाऱ्या माणसाचं नाव लिहा आणि या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. मूळ कागद तुमच्याकडेच राहू द्या.